भात्याची पेटी

दिवाळीच्या आधी घरोघरचे माळे उतरवले जातात. पितळी समया, जुन्या आकाशकंदिलाचे सांगाडे, कोणा काकांच्या लग्नातली जरीची टोपी अशा वस्तूंच्या संगतीने कधी कधी एक चपटी काळी पेटी खाली येते. ओंजळीत मावेल एवढी, वरून कातडे चढवलेली, हाताला मात्र जड. कडेला एक खटका असतो. तो दाबला की झाकण पुढे पडते आणि आतून काळ्या घड्यांचा भाता भिंगाला घेऊन बाहेर सरकतो. मुले हरखून जातात. मग घरातले वडीलधारे माणूस सांगते, "तो कॅमेरा बिघडलाय. ठेवा परत." पेटी पुन्हा माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या तराजूत पडते.

"बिघडलाय" हा शब्द मला नेहमी घाईचा वाटत आला आहे. नेमके काय बिघडले आहे हे पाहायला ती पेटी कोणी उघडली होती का? आपल्या महाराष्ट्रातल्या छायाचित्रणाचा, आणि त्याच्या पोटी जन्मलेल्या चित्रपटाचा इतिहास जसजसा वाचत गेलो, तसतसे मला दिसू लागले की तो फोटो काढणाऱ्यांचा जितका आहे, तितकाच पेट्या उघडणाऱ्यांचा आहे. यंत्र परदेशातून आले, त्याची किंमत मोजली, तेवढ्याने ते आपले झाले नाही. कोणीतरी ते खोलले, आत काय चालते ते पाहिले, मोडलेले पुन्हा जोडले, तेव्हा ते आपले झाले. ही गोष्ट मला सांगायची आहे. आणि ती सांगायला आमच्या नेरळहून फार लांब जावे लागत नाही.

नेरळ हे माथेरानच्या पायथ्याचे गाव. कल्याणहून पळसदरीकडे जाणारी रेल्वे १८५६ साली इथून धावू लागली. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब माथेरानच्या डोंगरावर चढले आणि मुंबईकरांना हवा खाण्याची एक जागा मिळाली. पुढे सर आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्याने पैसा घातला आणि १९०७ साली नेरळ-माथेरान ही छोटी गाडी सुरू झाली. हवा खायला येणाऱ्या माणसाच्या सामानात छत्री असते, पुस्तक असते आणि ऐपत असेल तर कॅमेरा असतो. घडी होऊन कोटाच्या खिशात बसणारा कॅमेरा तर असल्या प्रवासासाठीच जन्मलेला. तेव्हा आमच्या बाजूच्या घरांतून अशी एखादी पेटी निघाली तर मला त्याचे नवल वाटत नाही.

पण खिशात मावणारा कॅमेरा फार उशिरा आला. त्याच्या कितीतरी आधी एक मोठा, अवजड कॅमेरा आमच्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांत येऊन गेला होता, आणि तो एका बाईच्या हातात होता.

बोरघाटातून रेल्वे वर चढवण्याचे काम १८५६ साली सुरू झाले. पहिल्या ठेकेदाराने तीन वर्षांत अंग काढून घेतले. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार ते काम घेऊन आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने मरण पावला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल परत गेली नाही. तिने ठेका आपल्या नावावर ठेवला, दोन अनुभवी इंजिनिअरांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवले आणि १८६३ साली घाट पुरा झाला. पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरचे दगडी पूल, आणि ते बांधताना पटकी-तापाने मेलेले हजारो मजूर, असा तो घाट आहे. ह्या ॲलिसबाईंनी घाटाचे काम चालू असताना त्याचे फोटो काढले. अर्धवट कमानी, कड्याला टेकलेल्या पराती, उघडा पडलेला काळा कातळ असे आमचे डोंगर त्या फोटोंत दिसतात. आज डेक्कन क्वीनच्या खिडकीतून तो घाट पाच-दहा मिनिटे मौजेने पाहणाऱ्याला त्या चित्रांमागचे कष्ट सांगूनही पटायचे नाहीत.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते ते थोडे सांगितले पाहिजे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरने आपली कृती जाहीर केली, आणि १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने काचेवर फोटो घेण्याची नवी रीत शोधली. कलोडियन नावाचे चिकट द्रव्य काचेवर ओतायचे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओली आहे तोवरच अंधारात धुवायची. सारा कारभार दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणून फोटो काढणाऱ्याबरोबर काळा तंबू, बाटल्या, पाणी आणि दोन-चार हमाल असत. फोटो काढणारा आपला माल आपणच तयार करी. द्रव्य बिघडले तर का बिघडले हे त्याला स्वतःलाच शोधावे लागे. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

अशा कामाला मुंबईत पहिल्यांदा सरसावलेल्या आपल्या माणसांत एक डॉक्टर असावा, हे मला फार बोलके वाटते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते, आणि त्यांनी काढलेले मुंबईतल्या माणसांचे फोटो त्या काळच्या संग्रहांतून छापले गेले. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनी पुढे मुंबईत स्वतःचा फोटोचा धंदा थाटला. कलोडियन हे द्रव्य जखमेवर लावायलाही वापरीत. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या माणसाला ती बाटली परकी नव्हती. कॅमेऱ्याचे गूढ त्याला भिववू शकले नाही, कारण त्याच्या आतला निम्मा भाग त्याच्या रोजच्या कपाटातला होता.

* * *

ह्या सगळ्या खटाटोपाला उतारा निघाला तो असा. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली. तंबू आणि बाटल्या सुटल्या. मग १८८८ साली अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमनने कोडॅक नावाची पेटी बाजारात आणली. किंमत पंचवीस डॉलर, आत शंभर फोटोंची गुंडाळी. शंभर फोटो संपले की गिऱ्हाइकाने सबंध पेटीच रॉचेस्टरच्या कारखान्याला पाठवायची. कारखाना दहा डॉलर घेऊन फोटो छापी, नवी गुंडाळी भरी आणि पेटी परत करी. तुम्ही बटण दाबा, बाकीचे आमच्याकडे लागले, अशी त्यांची जाहिरात होती.

ह्या जाहिरातीने जगभर लाखो लोकांना फोटो काढायला शिकवले, हे खरेच. पण तिने एक गोष्ट गुपचूप काढूनही घेतली. पेटीच्या आत काय आहे हे गिऱ्हाइकाला कळण्याचे कारण उरले नाही. फोटोग्राफीच्या जगात दोन जाती त्या दिवशी निराळ्या झाल्या: बटण दाबणारे आणि पेटी उघडणारे.

घडीचा कॅमेरा ह्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. भात्याचे कॅमेरे आधीपासून होतेच. परंतु १८९८ च्या सुमारास कोडॅकने गुंडाळीचा कॅमेरा घडी करून खिशात घालण्याजोगा केला आणि त्याची फॅशन पडली. १९०१ साली १२० नंबरची फिल्म निघाली. तिच्या पाठीला काळा कागद असतो आणि कागदावर आकडे. पेटीच्या पाठीला तांबड्या काचेची बारीक खिडकी असते. तीतून आकडा पाहत फिल्म पुढे गुंडाळायची. त्या काळच्या फिल्मला तांबडा उजेड जाणवत नसे, म्हणून खिडकी तांबडी. पुढे सर्व रंगांना जागणारी फिल्म आली तरी खिडकी तशीच राहिली. फक्त तिच्यावर झाकण बसले. ही १२० नंबरची फिल्म सव्वाशे वर्षांच्या आसपास झाली तरी आजही तयार होते, ह्यातच माळ्यावरच्या पेटीचे भाग्य आहे. १९१२ साली कोडॅकचा चिमुकला व्हेस्ट पॉकेट कॅमेरा निघाला आणि पहिल्या महायुद्धात तो शिपायांच्या खिशातून खंदकांत पोहोचला. मग जर्मनीतल्या कारखान्यांनी हा प्रकार हाती घेतला आणि तीस-चाळीस वर्षे त्यात असे कॅमेरे काढले की त्यांतली कित्येक भिंगे आजही कोणाला हार जात नाहीत.

त्यात एक गंमत आहे. १९१२ सालीच म्युनिकच्या फ्रीडरिख डेकेल ह्याच्या कारखान्यातून कॉम्पूर नावाची झडप निघाली. भिंगाच्या आड पोलादाच्या पातळ पाकळ्या असतात. त्या ठराविक वेळ उघडून मिटतात. सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडायचे तर जोरदार स्प्रिंग पुरते. परंतु पुरा सेकंदभर उघडे राहायचे तर त्या स्प्रिंगला कोणीतरी अडवून धरले पाहिजे. पूर्वी हे काम हवेच्या नळीने होई. डेकेलच्या झडपेत ते घड्याळाच्या चक्रांवर सोपवले. कॉम्पूर ह्या नावात कारखान्याच्या आधीच्या झडपेचे नाव आणि घड्याळयंत्र ह्या अर्थाचा जर्मन शब्द एकत्र शिवलेले आहेत. म्हणजे घडीच्या कॅमेऱ्यात दोन जुन्या कारागिरी नांदत होत्या, एक घड्याळजीची आणि एक भाता करणाऱ्याची. आणि ह्या दोन्ही कारागिरी तोपर्यंत आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा पोहोचल्या होत्या.

घड्याळजी तर सर्वांना ठाऊक आहे. भाता म्हटले की आपल्याला आधी लोहार आठवतो आणि मग बाजाची पेटी. ही पेटीही पॅरिसचीच. दागेरची कृती जाहीर झाली त्याच्या आगेमागे, १८४० च्या सुमारास, दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने वाजवायचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५ च्या सुमारास ते मांडी घालून बसणाऱ्याच्या हाताशी आणले. मग ती पेटी आपल्या संगीत नाटकांत आणि देवळांतल्या भजनांत इतकी मुरली की ती कुठून आली हे आज कोणी विचारत नाही. तिला आपले करून घेणारे गवई होतेच. पण त्यांच्या आधी तिचा भाता उचकटून पाहणारे सुतार होते.

* * *

नेरळहून गाडीने कर्जत, आणि कर्जतहून ॲलिसबाईंच्या घाटाने वर चढले की लोणावळा लागते. त्याच्या पुढचे स्टेशन मळवली. राजा रविवर्म्याचा चित्रे छापण्याचा छापखाना १८९९ साली घाटकोपरहून इथे आला. ह्या छापखान्यासाठी काम केलेल्या माणसांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होते. त्र्यंबकेश्वरचा जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, मध्यंतरी गोध्ऱ्याला फोटोचा स्टुडिओ. चित्र दगडावर उतरवायचे तर आधी त्याचा फोटो घ्यावा लागे, आणि त्यासाठी भला थोरला भात्याचा कॅमेरा लागे. पुढे १९०८ साली फाळक्यांनी लोणावळ्यालाच आपला छापखाना काढला. फोटो, ठसे, छपाई आणि रसायने ह्या चारही गोष्टी ज्याच्या हाताखालून गेल्या होत्या असा हा माणूस होता.

१९१० साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा पाहिला आणि १९१२ साली ते विलायतेला गेले. तिथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र पसंत करून ते परतले. खोकी आल्यावर कोणी साहेब येऊन कॅमेरा जोडून देणार नव्हता. सोबतच्या नकाशावरून फाळक्यांनी तो स्वतः जोडला. कोरी फिल्म त्या काळी भोकांशिवाय येई. ती भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके रात्री अंधाऱ्या खोलीत बसून करीत. फिल्म धुण्याची द्रव्ये कालवणेही त्यांच्याकडेच असे. एका कुंडीत दाणा पेरून, त्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत रोज थोडे थोडे चित्र घेऊन फाळक्यांनी आपल्या यंत्राची परीक्षा घेतली. ती पुरी झाल्यावरच त्यांना भांडवल मिळाले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. ह्या कथेत आपण नेहमी फाळक्यांच्या जिद्दीचे कौतुक करतो. मला त्याबरोबर दादरच्या घरातली ती अंधारी खोली दिसते. यंत्राच्या आतले काम घरच्या बाईच्या हातात गेले, तेव्हा ते यंत्र त्या घरचे झाले.

फाळक्यांनी आणलेले यंत्र जोडले. कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातल्या दोघा भावांनी त्यापुढची पायरी गाठली. आनंदराव आणि बाबूराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत, म्हणून त्यांना पेंटर हे नाव पडले. घराण्यात लाकूडकाम आणि लोखंडकाम चालत आलेले. सिनेमा काढायचे त्यांच्या मनाने घेतले, पण विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता. मग त्यांनी सिनेमा दाखवायचे यंत्र न्याहाळायला सुरुवात केली. दाखवायचे यंत्र आणि टिपायचे यंत्र ह्यांचा आत्मा एकच आहे. फिल्म एक चित्रभर खाली ओढायची, क्षणभर थांबवायची, तेवढ्यात उजेड आत किंवा बाहेर सोडायचा, आणि पुन्हा ओढायची. हे ज्याला कळले त्याला उरते ते लेथवरचे काम. आनंदराव हे काम अर्धे सोडून १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन ते पुरे केले. तानीबाई कागलकर ह्या गायिकेने पैशाचे पाठबळ दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि कोल्हापुरात घडलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला 'सैरंध्री' १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही पुढे १९२९ साली 'प्रभात' काढणारी मंडळी ह्याच कारखान्यात तयार झालेली. कोल्हापुरात आज कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे. देवाचे, राजाचे, पुढाऱ्याचे स्मारक गावोगाव असते. यंत्राचे स्मारक उभारणारे गाव विरळा.

* * *

एवढ्या मोठ्या माणसांनंतर माझ्या टेबलावरच्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगायला संकोच वाटतो. पण इतिहास पुस्तकात वाचणे वेगळे आणि तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी लागणे वेगळे, म्हणून सांगतो. एका परिचितांच्या घरून आलेली ही घडीची पेटी जर्मन बनावटीची, १९५० च्या सुमाराची. नेरळचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंतींना पाझर आणि चामड्याला बुरशी. अशा साठ-सत्तर पावसाळ्यांनंतर तिला तीन दुखणी जडली होती. भात्याला भोके, झडपेला आळस आणि भिंगाला अंधारी.

भात्याची परीक्षा सोपी आहे. रात्री दिवे मालवायचे, पेटीची पाठ उघडून आत पेटती विजेरी धरायची आणि बाहेरून पाहायचे. माझ्या भात्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चांदण्या लुकलुकत होत्या. घड्यांचे टोक जिथे वळते तिथेच कापड आधी मरते. दोन-चार भोके असती तर काळे पातळ रेशीम रबराच्या सोल्यूशनने आतून चिकटवून भागले असते. सायकलच्या पंक्चरला वापरतात तेच सोल्यूशन. इथे भोके मोजण्यापलीकडची होती. तेव्हा मी तो भाता घेऊन बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो ताणून पाहिला, दाबून पाहिला, कानाशी धरला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यातनं हवा तर जात न्हाई."

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, आणि सगळा फरकही त्यातच होता. बाजाच्या पेटीचा भाता हवा कोंडतो, कॅमेऱ्याचा भाता उजेड कोंडतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून सूर बिघडत नाही. पण तेवढ्याच भोकातून फोटोवर पांढरा फराटा उठतो. हे कळल्यावर मेस्त्रींना जोर चढला. जुना भाता शिवणीवर उसवून त्यांनी सपाट पसरला, त्याचा कागदावर नमुना काढला. बाहेरून पातळ कातडे, आतून काळे कापड आणि मध्ये घडीघडीला ताठ कागदाच्या पट्ट्या, अशी त्याची रचना. पट्ट्यांमध्ये घडीपुरती केसभर फट सोडावी लागते. ती चुकली तर भाता मिटत नाही. त्यांच्याकडचे कातडे जाड पडले, कारण बाजाच्या भात्याला मिटून बोटभर जागेत बसायचे नसते. तिसऱ्या खेपेला, एका जुन्या पाकिटाचे तासलेले कातडे घेऊन, भाता जमला. अशा भात्याला हवेचा गुणही थोडा राहतोच, हेही त्यांनीच दाखवले. पेटी झटक्याने उघडली तर भाता श्वास ओढतो आणि आतली फिल्म पुढे फुगते. म्हणून ती सावकाश उघडावी, आणि फिल्म पुढच्या आकड्यावर आणायची ती भाता उघडल्यानंतर.

झडपेचे दुखणे घड्याळाचे होते. एक सेकंदावर लावली की ती उघडे आणि उघडीच राही. आतल्या चक्रांचे वंगण सुकून चिक्की झाले होते. इथे तेल घालण्याचा मोह कटाक्षाने टाळायचा असतो. तेल पाकळ्यांवर उतरले की त्या एकमेकींना चिकटतात. लायटरमध्ये घालतात त्या पातळ पेट्रोलने चक्रे धुवायची, ते उडून जाऊ द्यायचे आणि घड्याळजीच्या सुईने एखाद्या आसाला तेलाचा कण लावायचा, बस्स. पुन्हा सेकंदावर लावून बटण दाबले तेव्हा आतून जो बारीक घरघर आवाज आला, तो जुन्या घड्याळाला किल्ली देताना ऐकलेला आवाज होता.

भिंगावरची बुरशी वरवरची निघाली. ती काचेत शिरली असती तर उपाय नव्हता. पण पुढचे भिंग फिरवून काढले की ते पुन्हा नेमके कुठे बसवायचे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी पेटीच्या पाठीत, फिल्म जिथे बसते तिथे, बटर पेपर ताणून लावायचा, झडप उघडी ठेवायची आणि दूरची वस्तू रेखीव दिसेपर्यंत भिंग फिरवायचे. हे काम मी शाळेच्या व्हरांड्यात, नववीच्या मुलांना भोवती घेऊन केले. आमच्याकडे दूरच्या वस्तूची वाण नाही. समोर पेबचा किल्ला उभा आहे. कागदावर आधी हिरवट धुके, मग एक रेघ, मग कडा न् कडा उमटली. "सर, पेब उलटा लोंबतोय!" एक मुलगी ओरडली. प्रकाशाच्या धड्यातली ती आकृती ह्या मुलांनी परीक्षेत दहा वेळा काढली होती. त्या दिवशी ती त्यांना दिसली. त्यांच्या सर्वांच्या घरी फोटो काढणारे मोबाईल आहेत. पण त्यांतला एकही त्यांनी आतून पाहिलेला नाही, आणि पाहू म्हटले तरी तो सरसाने असा चिकटवलेला असतो की उघडताना मोडावा.

पूर्वीच्या पिढीला ही अडचण नव्हती. तिची अडचण उलटी होती. १९५७ नंतर परकीय चलनाच्या टंचाईने आयातीवर कडक बंधने आली. नवा विलायती कॅमेरा मिळणे दुरापास्त झाले, म्हणून जुना जगवणे भाग पडले. पुढे उटकमंडच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म आली, बडोद्याला तयार होणारा ॲग्फाचा साधा क्लिक कॅमेरा घरोघर पोहोचला. ह्या टंचाईच्या वर्षांतच मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांतून कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर तयार झाले, आणि लहान गावांत ते काम घड्याळजीच्या टेबलावर झाले. टंचाई गेली ते बरेच झाले. तिची आठवण काढून मला कोणाला पुन्हा रांगेत उभे करायचे नाही. पण तिच्याबरोबर ते टेबलही उठले. आमच्या मेस्त्रींचा मुलगा मोबाईलची कव्हरे विकतो आणि बापापेक्षा चांगले मिळवतो. त्याला नावे ठेवणारे आपण कोण? भाता घडवायला त्यांना तीन खेपा लागल्या. त्याचे पैसे किती घ्यावेत हे त्यांनाही उमजेना आणि मलाही.

वस्तू उघडून दुरुस्त करण्याचा गिऱ्हाइकाला हक्क असावा, असे आता सरकारलाही वाटू लागले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली त्यासाठी समिती नेमली. हक्क कागदावर येईल तेव्हा येवो. तो वापरायला हात लागतात, आणि हात एका पिढीने दुसरीला दिले नाहीत तर ते कायद्याने देता येत नाहीत. नारायण दाजींना द्रव्याच्या बाटलीची ओळख होती, सरस्वतीबाईंना अंधारात फिल्मची कड बोटांनी समजे, बाबूरावांच्या घरी लोखंडकाम होते. त्यांच्यापैकी कोणालाही पेटीचे भय वाटले नाही, ते ह्यामुळे.

म्हणून ह्या दिवाळीत तुमच्या घरी अशी पेटी निघाली, तर एक करून पाहा. फराळ झाल्यावर मुलांना घेऊन एका खोलीतले दिवे मालवा. खटका दाबून भाता सावकाश बाहेर काढा, पाठ उघडा आणि आत विजेरी धरा. भाता काळाकुट्ट राहिला तर तुमचा कॅमेरा बहुधा बिघडलेला नाही. १२० नंबरची फिल्म मुंबईहून मागवा. पेटी त्याच मापाची आहे की नाही, ते मात्र आतल्या रिळावरून आधी पाहून घ्या. आणि भात्यात चांदण्या दिसल्या, तर गावात बाजाची पेटी दुरुस्त करणारे कोणी उरले आहे का, ह्याची चौकशी करा. ते भेटले तर मुलांनाही बरोबर न्या.